सीमेवरून डोंबिवलीपर्यंत: सैनिकाचं मत पोचतं कसं?

फास्ट लोकलच्या दरवाजात उभे राहून ऐकत असाल तर आधी दोन पावलं आत सरका, मग ऐका. आजचा भाग थोडा हिशेबाचा आहे, पण हिशेब सोपा आहे.

सुरुवातीला दोन आकडे. साल २०१९. १४ फेब्रुवारीला पुलवामाचा हल्ला झाला, २६ फेब्रुवारीला बालाकोट, आणि ११ एप्रिलपासून लोकसभेचं मतदान सुरू. म्हणजे सीमेवर तणाव, आणि इकडे आपल्या नाक्यानाक्यावर प्रचाराच्या रिक्षा. २९ एप्रिलला आपल्या कल्याण मतदारसंघात मतदान झालं. शंभरातल्या साधारण ४५ लोकांनी मत दिलं.

आता दुसरा आकडा. त्याच निवडणुकीत देशभरात १८,०२,६४६ सर्व्हिस व्होटर नोंदलेले होते. त्यांच्यापैकी १०,८४,२६६ जणांच्या मतपत्रिका मतमोजणीसाठी परत आल्या. टक्केवारी ६०.१४.

म्हणजे बघा, ज्यांच्या सोसायटीसमोरच्या शाळेत मतदान केंद्र होतं, ते ४५ टक्के. आणि जे बर्फात, वाळवंटात, जंगलात होते, ते ६० टक्के. देशाची सरासरी ६७ च्या आसपास होती, त्यामुळे सैनिकांनी सगळ्यांना मागे टाकलं असं मी म्हणत नाही. पण आपल्याला मात्र टाकलं.

तरीही मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो तिसरा आकडा. २०१४ च्या लोकसभेला १३,२७,६२७ सर्व्हिस व्होटर नोंदलेले होते, आणि परत आलेल्या मतपत्रिका होत्या जेमतेम ४ टक्के.

पाच वर्षांत ४ वरून ६०! आता २०१४ च्या सैनिकाला मत द्यायची इच्छा नव्हती आणि २०१९ मध्ये ती अचानक आली, असं तर नाही. मग बदललं काय? मत पोचायचा रस्ता बदलला. आजचा सगळा भाग या रस्त्याबद्दल आहे.

आधी सर्व्हिस व्होटर म्हणजे कोण ते सांगतो. लष्कर, नौदल, हवाई दल यांतले लोक. आर्मी ॲक्टच्या तरतुदी ज्यांना लागू आहेत अशा दलांतले लोक. एखाद्या राज्याचे सशस्त्र पोलीस राज्याबाहेर तैनात असतील तर ते. आणि भारत सरकारच्या नोकरीत परदेशी असलेले, म्हणजे आपल्या दूतावासातले लोक. दुबईत किंवा न्यू जर्सीत आयटीत असलेला आपला मित्र यात येत नाही. त्याला मत द्यायचं तर विमानाने इथे यावं लागतं.

सर्व्हिस व्होटरची नोंद त्याच्या मूळ गावच्या यादीत होते. पोस्टिंग सियाचीनला असो की अंदमानात, डोंबिवलीचा पोरगा डोंबिवलीचाच मतदार. मतदार यादीच्या अगदी शेवटी सर्व्हिस व्होटरचा वेगळा भाग असतो, त्यात त्याचं नाव येतं. त्याला आपल्यासारखं मतदार ओळखपत्र मिळत नाही. एक गंमत सांगतो. तो कल्याण पश्चिमेचा असेल तर त्याला लोकसभेला भिवंडीच्या उमेदवारांची मतपत्रिका जाणार, कारण कल्याण पश्चिम हा विधानसभा मतदारसंघ भिवंडी लोकसभेत येतो. इथे राहणाऱ्या अर्ध्या लोकांना हे मतदानाच्या दिवशी कळतं. त्याला तिकडे हजारो मैलांवर कळतं.

आता रस्ता लांब का पडतो ते बघू. मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं लागतात. आणि नावं कधी नक्की होतात? अर्ज मागे घ्यायची मुदत संपली की. त्याआधी मतपत्रिका छापताच येत नाही. म्हणजे तुमचं घड्याळ त्या दिवशी सुरू होतं. ते संपतं कधी? मतमोजणीच्या दिवशी सकाळी ८ वाजता. त्याच्या आत मतपत्रिका निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचली पाहिजे. ८ वाजून ५ मिनिटांनी आली तर ती मोजणीत नाही, मग ती कुठूनही आलेली असो.

या दोन टोकांच्या मधल्या दिवसांत काय काय बसवायचं? मतपत्रिका जायची, सैनिकाने मत द्यायचं, मतपत्रिका परत यायची. आम्ही सॉफ्टवेअरवाले कुठलीही अडलेली गोष्ट बघतो तेव्हा पहिला प्रश्न विचारतो, वेळ नक्की कुठे जातोय? इथे उत्तर सरळ आहे. वेळ प्रवासात जातोय, आणि प्रवास दोनदा आहे.

आता १९९९ आठवा. आपल्यातले बरेच जण तेव्हा जन्मलेही नव्हते किंवा रांगत होते. एप्रिलमध्ये वाजपेयी सरकार एका मताने पडलं. मे महिन्यात कारगिल सुरू झालं, २६ जुलैला संपलं. आणि सप्टेंबरात महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा, दोन्हींचं मतदान एकदम. युद्ध संपलं तरी फौज काही लगेच घरी येत नाही. मराठी पोरं वर चौक्यांवर होती आणि इथे त्यांच्या नावाची पाकिटं तयार होत होती. छापील मतपत्रिका पाकिटात घालायची, पत्ता ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ. हे लष्कराच्या टपाल खात्याचे पत्ते. जागेचं नाव नसतं, फक्त युनिट आणि नंबर. तिथून पाकीट लष्करी टपालाने पुढे, मग तळावर, मग चौकीवर. आणि सही-शिक्का होऊन पुन्हा त्याच वाटेने खाली. ही पद्धत २०१४ मध्येही मुळात तीच होती. ४ टक्के का, ते आता कळलं असेल.

हा प्रश्न फक्त आपला नाही. लोकशाही असलेल्या देशात युद्ध आणि निवडणूक एकत्र आली की तो उभा राहतोच, आणि प्रत्येकाने वेगळं उत्तर काढलंय.

अमेरिकेत १८६४ साली यादवी युद्ध चालू असताना अध्यक्षपदाची निवडणूक झाली. तिथे बऱ्याच राज्यांनी कायदे करून सैनिकांना छावणीतच मत द्यायची सोय केली. म्हणजे सैनिक घरी येत नाही तर मतदानच त्याच्याकडे न्या. इंडियाना राज्यात असा कायदा नव्हता. तेव्हा लिंकनने जनरल शेर्मनला पत्र लिहून विचारलं, की तिथल्या सैनिकांना राज्याच्या निवडणुकीपुरतं घरी पाठवता आलं तर बघा.

ब्रिटनने १९४५ साली दुसरं उत्तर काढलं. मतदान झालं ५ जुलैला आणि निकाल लागला २६ जुलैला. मधले तीन आठवडे मतपेट्या बंद करून ठेवल्या, कारण जगभर पसरलेल्या सैनिकांची मतं यायची होती. आणि निकालात चर्चिल, ज्याने युद्ध जिंकून दिलं, तो हरला. ब्रिटनने काय केलं? रस्ता लांब आहे ना, मग वेळ वाढवा.

त्याच युद्धात आपल्या शेजारी काय होतं माहितीये ना? आजचं उल्हासनगर ही तेव्हाची कल्याण कॅम्प, लष्करी छावणी. आपल्याकडची हजारो मराठी माणसं त्या युद्धात लढली. पण आपल्याकडे सगळ्यांना मताधिकार नव्हताच. १९३५ च्या कायद्यात पेन्शनवर आलेल्या किंवा सेवेतून मुक्त झालेल्या सैनिकाला मत होतं, आणि सैनिकाच्या पेन्शन मिळणाऱ्या विधवेला किंवा आईलाही होतं. म्हणजे पोरगा युद्धात गेला की आईला मत मिळायचं. हे वाचलं तेव्हा मी दोन मिनिटं गप्प बसलो होतो.

आणि एक उत्तर असंही आहे, की युद्धात निवडणूकच घ्यायची नाही. युक्रेनमध्ये मार्शल लॉ असताना निवडणुका घेता येत नाहीत, म्हणून तिथे २०२४ ची अध्यक्षीय निवडणूक झाली नाही. लाखो लोक आघाडीवर, लाखो देशाबाहेर. त्यांना मत कसं द्यायला लावणार, हा तिथला खरा प्रश्न आहे.

आपल्याकडे दोन उत्तरं निघाली. पहिलं २००३ साली. माणूस पाठवा. म्हणजे प्रॉक्सी.

शाळेतला माझा एक मित्र सैन्यात आहे. तो कुठे आहे, काय करतो, हे काही मी सांगणार नाही. त्याची आई मागे मला म्हणाली, "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना, मला सांग, तो तिकडे असतो मग त्याचं मत मी टाकू शकते का?" मी म्हटलं, काकू, टाकू शकता, पण असंच जाऊन नाही.

सैनिकाला आपल्या जागी मत द्यायला एक माणूस नेमता येतो. तो त्याच मतदारसंघात राहणारा, १८ वर्षं पूर्ण झालेला हवा. नेमणुकीचा फॉर्म आहे १३ एफ. सैनिक युनिटमध्ये असेल तर कमांडिंग ऑफिसरसमोर सही करतो आणि फॉर्म घरी पाठवतो. मग घरचा माणूस नोटरी किंवा प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेटसमोर सही करून तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे देतो. सैनिक सुट्टीवर घरी आला असेल तर दोघं एकत्रच जाऊन सही करू शकतात. एकदा नेमलं की रद्द करेपर्यंत ते चालू राहतं. पण प्रॉक्सी नेमली की टपालाने मत देता येत नाही. दोन्हींपैकी एकच.

आणि ही गोष्ट मला फार आवडते. प्रॉक्सी म्हणून मत देणाऱ्याच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई लावतात. कारण तर्जनी त्याच्या स्वतःच्या मतासाठी. म्हणजे काकूंच्या एका हाताच्या दोन बोटांना शाई लागली, तर एक मत त्यांचं आणि एक पोराचं.

पण प्रॉक्सीत एक अडचण आहे. मत गुप्त राहत नाही. कुणाला द्यायचं ते आईला, भावाला सांगावं लागतं, आणि त्याने तसंच दिलं की नाही हे कळायला मार्ग नाही. आपल्या घरांत तर एका ताटात जेवणारे तिघं तीन पक्षांचे असतात. म्हणून दुसरं उत्तर लागलं.

ते आलं २०१६ मध्ये. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला निवडणुकीच्या नियमांत बदल झाला आणि मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवायला परवानगी मिळाली. निवडणूक आयोगाने सी-डॅकसोबत ही प्रणाली उभी केली. तिचं नाव ईटीपीबीएस. पहिला वापर झाला पुद्दुचेरीतल्या नेल्लीथोप पोटनिवडणुकीत, त्याच वर्षी नोव्हेंबरात.

ती चालते कशी? अर्ज मागे घ्यायची मुदत संपली, उमेदवार ठरले. निवडणूक निर्णय अधिकारी प्रत्येक सर्व्हिस व्होटरसाठी मतपत्रिका तयार करून कुलूपबंद फाईल अपलोड करतो. तिकडे युनिटचा नेमलेला अधिकारी ओटीपी टाकून ती डाऊनलोड करतो. उघडून छापायला वेगळा पिन लागतो. सैनिकाच्या हातात मतपत्रिका येते, सोबत घोषणापत्र, दोन पाकिटांची लेबलं आणि सूचना. तो मतपत्रिकेवर खूण करतो आणि ती आतल्या पाकिटात घालून बंद करतो. हे १३ बी. घोषणापत्र, म्हणजे १३ ए, साक्षांकित करून घेतो. मग आतलं पाकीट आणि घोषणापत्र दोन्ही बाहेरच्या पाकिटात, १३ सी मध्ये. आणि ते स्पीड पोस्टाने, बिनतिकिटाचं, इकडे येतं.

म्हणजे जायचा प्रवास मिनिटांचा झाला. यायचा प्रवास अजून पोस्टमनच्या पायांनीच होतो.

आता तुमच्यातले निम्मे विचारणार, "अरे, यूपीआयने भाजीवाल्याला दहा रुपये देता येतात, मग मत ॲपवर का नाही?" मलाही आधी हेच वाटायचं. पण विचार करून बघा. पैसे पाठवताना कोणी, कुणाला, किती दिले याची नोंद राहते, आणि चूक झाली की त्या नोंदीवरूनच आपण भांडतो. मतात नेमकी हीच नोंद राहता कामा नये. हा मतदार खरा आहे का, हे तपासायचं. पण त्याने कुणाला मत दिलं, हे कुणालाच कळू द्यायचं नाही. शिवाय हरलेल्या उमेदवाराला समोर बसून परत मोजता आलं पाहिजे. हे सगळं एकत्र साधणं संगणकाला जड जातं. दोन पाकिटांना ते जमतं. मोजणीच्या वेळी बाहेरच्या पाकिटाचा आणि आतल्या कागदांचा क्यूआर कोड स्कॅन होतो. एकाच्या नावाने दोन पाकिटं आली तर तिथेच सापडतात. मग घोषणापत्रं बाजूला काढून वेगळी सीलबंद करतात, आणि त्यानंतरच आतली पाकिटं उघडतात. नाव एकीकडे गेलं, मत दुसरीकडे. इतकी साधी युक्ती आहे, आणि कोणालाही डोळ्यांनी बघता येते.

बरं, एवढ्या थोड्या मतांनी फरक काय पडतो? लांब जाऊ नका, जोगेश्वरी-गोरेगावपर्यंत जा. २०२४ ची लोकसभा, मुंबई उत्तर पश्चिम. मतदान यंत्रांतली मतं मोजून झाली तेव्हा ठाकरे गटाचे अमोल कीर्तिकर ४,५१,०९५ आणि शिवसेनेचे रवींद्र वायकर ४,५१,०९४. एका मताचा फरक! टपाली मतं वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१. वायकर ४८ मतांनी निवडून आले. टपाली मतांत सगळे सैनिक नसतात. निवडणुकीच्या कामावरचे कर्मचारी, ८५ वर्षांवरचे ज्येष्ठ असेही असतात. पण साडेचार लाख विरुद्ध साडेचार लाख अशा लढतीचा निकाल शेवटी पाकिटांनी ठरवला, हे खरं.

आता पुन्हा आपल्या घड्याळाकडे येऊ, कारण खरी चिंता तिथे आहे. २०२४ च्या लोकसभेला ठाणे, कल्याण, भिवंडीत अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस होता ६ मे. मतमोजणी ४ जूनला. मधे २९ दिवस. त्याच वर्षी विधानसभेला अर्ज माघारीचा शेवटचा दिवस ४ नोव्हेंबर आणि मतमोजणी २३ नोव्हेंबरला. मधे १९ दिवस. म्हणजे त्याच सैनिकाला, त्याच चौकीवरून, दहा दिवस कमी.

लोकसभेला टप्पे अनेक असतात, शेवटचा टप्पा होईपर्यंत सगळे थांबतात, म्हणून सैनिकाला आपसूक जास्त दिवस मिळतात. कोणी मुद्दाम दिले असं नाही. विधानसभा एका दिवसात उरकली की तेच दिवस कमी होतात. आता नोव्हेंबरात उंचावर बर्फ पडून रस्ता बंद झाला, हेलिकॉप्टर चार दिवस उडालं नाही, किंवा खरंच गोळीबार सुरू झाला, तर पाकीट खाली कसं येणार? प्रिंट मिनिटात झाली तरी उपयोग काय?

माझं म्हणणं एवढंच आहे. ब्रिटनने ऐंशी वर्षांपूर्वी जे ठरवून केलं, ते आपण ठरवून करावं. निवडणुकीचं वेळापत्रक आखताना, निदान सीमेवर तणाव असेल तेव्हा, परतीच्या पाकिटाचे दिवस आधी मोजावेत आणि मग मतमोजणीची तारीख टाकावी. निकाल चार दिवस उशिरा लागला तर आपलं काय जातं? टीव्हीवाल्यांचं जाईल. पहलगामच्या हल्ल्यात आपल्या डोंबिवलीची तीन माणसं गेली, त्यानंतर मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर झालं. तेव्हा आपण सगळे रात्र रात्र मोबाईलवर बातम्या बघत होतो. युद्ध करायचं की थांबवायचं हे ठरवणारं सरकार निवडताना, ज्याला तिथे उभं राहायचं आहे त्याचं मत उशिरा आलं म्हणून बाजूला ठेवणं, हे मला पटत नाही.

आता कामाची गोष्ट. तुमच्या घरात, चाळीत, सोसायटीत कोणी सैन्यात असेल, किंवा मुरबाड-शहापूरकडचा तुमचा भाऊ पहाटे भरतीसाठी धावत असेल आणि उद्या निवडला जाणार असेल, तर चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक. भरती व्हायच्या आधी त्याचं नाव आपल्या नेहमीच्या यादीत असेल तर सर्व्हिस व्होटर होताना ते तिथून काढावं लागतं. दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही. तो शांत ठिकाणी कुटुंबासोबत राहत असेल तर तिथला साधा मतदार म्हणूनही नोंद करू शकतो, पण मग तीच एक नोंद.

दोन. सर्व्हिस व्होटरचा अर्ज, म्हणजे फॉर्म २, युनिटमधूनच जातो. तो रेकॉर्ड ऑफिसमार्फत तपासला जातो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा जवान असेल तर त्याचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे शांततेच्या काळात करून घ्या.

तीन. सोबत राहणाऱ्या बायकोचीही सर्व्हिस व्होटर म्हणून नोंद होते. आधी कायद्यात फक्त पत्नी होती, त्यामुळे महिला अधिकाऱ्याच्या नवऱ्याला ही सोय नव्हती. २०२१ च्या दुरुस्तीने आता नवरा-बायको दोघांपैकी कोणीही चालतं. मुलांना मात्र ही सोय नाही.

चार. तो जिथे आहे तिथून पाकीट वेळेत येणं कठीण वाटत असेल, तर पुढच्या सुट्टीत प्रॉक्सीचं बोलून घ्या. कुणाला नेमायचं हे त्यानेच ठरवायचं, आपण नाही.

काकूंनी १३ एफ फॉर्म मागून घेतलाय. मित्राला मी फोनवर म्हटलं, आता तुझं मत आई टाकणार. तो म्हणाला, "नको रे, मी पाकीटच पाठवतो. आईला सांगितलं की कोणाला मत देतोय, तर घरी भांडण होईल." ते आता त्यांचं त्यांनी बघावं.

तुमच्या ओळखीत कोणी सैन्यात असेल तर हा भाग त्यांच्या घरच्यांना व्हॉट्सॲपवर पाठवा. पुढच्या भागात भेटू. आणि हो, पुढच्या मतदानाच्या दिवशी सुट्टी बघून लोणावळ्याला जायचा बेत असेल, तर सकाळी सातला केंद्र उघडतं. मत देऊन निघा.